समुद्राकाठी जाणाऱ्यांसाठी सूचना

लातूरच्या ज्या गल्लीत साहेबराव सोनकांबळे राहत होते, त्या गल्लीतल्या कुणाचंही समुद्रावाचून आजवर काही अडलेलं नव्हतं. तरीही त्यांच्या पंचशीलाच्या नेमणुकीचा हुकूम आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, की अख्ख्या गल्लीला समुद्राची खडान्‌खडा माहिती आहे.

हुकूम असा होता, की कुमारी पंचशीला साहेबराव सोनकांबळे, डी.एड., हिला तळकोकणातल्या नव्या जिल्ह्यात, आंबेखोल नावाच्या खाडीकाठच्या गावी प्राथमिक शिक्षिका म्हणून नेमण्यात येत आहे. एकतीस मेच्या आत हजर न झाल्यास नेमणूक रद्द समजावी, त्याबाबत कोणताही पत्रव्यवहार केला जाणार नाही. साहेबराव स्वतः बावीस वर्षं सरकारी कागद लिहीत आले होते. पत्रव्यवहाराचं ते वाक्य त्यांनी आपल्या हातानं शेकडो लोकांना पाठवलं होतं. ते आपल्याच घरी आलं तेव्हा त्यांना पहिल्यांदा जाणवलं, की वाक्य फार उर्मट आहे.

साल शहाऐंशी. दुष्काळाचं हे सलग दुसरं वर्ष आणि लातूर जिल्ह्याचं चौथं. जिल्हा झाला तेव्हा लोकांनी पोत्यानं गुलाल उधळला होता. आता तो धुवायला पाणी नव्हतं. साहेबराव कचेरीत टंचाई शाखेत वरिष्ठ लिपिक होते. कोणत्या गावाला किती टँकर गेले याचा रोजचा तक्ता ते सुवाच्य अक्षरात तयार करायचे आणि घरी येऊन एकोणीस दिवस कोरड्या पडलेल्या नळाकडे बघत चहा प्यायचे. चहाही अर्धाच. गल्लीतल्या घराघरांत पत्र्याचं पिंप होतं, पिंपाच्या झाकणाला कडी-कोयंडा होता आणि कडीला कुलूप होतं. दागिने फळीवरच्या डब्यात उघडे पडलेले असायचे, पाण्याची किल्ली मात्र घरच्या कर्त्या पुरुषाच्या करदोड्याला. साहेबरावांच्याही करदोड्याला ती होती.

पोरीला सरकारी नोकरी लागली म्हणून गल्लीनं पेढे खाल्ले. साहेबरावांनी मात्र पेढा तोंडात ठेवला आणि ते खोलीची काळजी करू लागले. नोकरी परगावची, म्हणजे आधी खोली पाहिजे. खोली नाही तर नोकरी नाही, इतका साधा हिशेब होता. आणि खोली शोधण्याचा जेवढा अनुभव साहेबरावांना होता तेवढा त्या गल्लीत कुणालाच नव्हता. लातुरात आले तेव्हा त्यांनी अकरा घरं पाहिली होती. नुसतं नाव सांगितलं तोवर खोली रिकामी असायची. आडनाव सांगितलं की त्या खोलीत गावाकडून पाहुणे येणार असायचे. बारावं घर चन्नबसप्पांचं. त्यांनी आडनाव विचारलं, ऐकलं, जरा वेळ पान चघळलं आणि बाहेरच्या दोन खोल्या दिल्या. अंगणात वेगळा नळही बसवून दिला. तो वेगळा कशासाठी, हे त्यांनी सांगितलं नाही आणि साहेबरावांनी विचारलं नाही. आता दुष्काळात दोन्ही नळ सारखेच कोरडे होते, त्यामुळे निदान त्या बाबतीत अंगणात समता आलेली होती.

चन्नबसप्पांचं किराणा दुकान. तीस वर्षं ते नारळ, सुपारी आणि मीठ विकत होते आणि तिन्ही वस्तू समुद्राकडून येतात, या एका आधारावर ते समुद्राबद्दल आपल्या परसातल्या आडाबद्दल बोलावं तसं बोलायचे.

"साहेबराव, लोखंडाचं काई बी नेऊ नका," ते म्हणाले. "खारी हवा लोखंड खाऊन टाकती. आमच्या पावण्याची सायकल तिकडं एका पावसाळ्यात गळून पडली बगा. निस्ती घंटी राहिली, ती बी पितळंची होती म्हणून."

"आणि पाण्याचं?"

"पाणी इथून न्या. तिकडलं समदं खारं. डोळ्याला पाणी, तोंडाला न्हाई. पोरगी तहानंनं कासावीस होईल."

गल्लीच्या तोंडाशी राहणारे गुरुलिंग मास्तर हे दुसरे तज्ज्ञ. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. नोकरीत असताना एकदा मुलांची सहल घेऊन ते समुद्रावर गेले होते आणि गाडी चुकू नये म्हणून वीस मिनिटांत परत फिरले होते. या वीस मिनिटांवर त्यांनी पंचवीस वर्षं भाषणं केली होती. त्यांनी पंचशीलाला समोर बसवून भरती-ओहोटी समजावून सांगितली, पाटीवर चंद्र काढला आणि सांगितलं, की अष्टमीला शाळेत जायला हरकत नाही, पण पुनवेला आणि अवसेला किरकोळ रजा टाकावी. महिन्याला दोन रजा म्हणजे वर्षाच्या बारा रजा जूनपासून नोव्हेंबरपर्यंतच संपतील, हे पंचशीलानं नम्रपणे दाखवून दिलं. मास्तर म्हणाले, "मग बिनपगारी टाक, बाळ. जीव पहिला."

गौरम्मा, म्हणजे चन्नबसप्पांची बायको, यांचा सल्ला पंचशीलाच्या आईला, सरजाबाईंना होता. "तिकडं भाताच्या आदणात बी मासळी टाकत्यात म्हणं. पोरीला सांगा, पहिल्या दिवशी कुणी काई दिलं तर खाऊ नगो. करणी करत्यात तिकडल्या बाया." असं म्हणून त्यांनी शेंगाच्या चटणीचा डबा दिला आणि त्यांचे डोळे भरून आले. अकरा वर्षांत पंचशीलानं त्यांच्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नव्हता. सणाची होळगी, म्हणजे पुरणपोळी, तिच्या हातावर नेहमी वरून पडायची. तरी ते रडणं खरं होतं. खोटं असतं तर साहेबरावांना सोपं गेलं असतं.

कागदांचा तज्ज्ञ व्यंकट. हा कचेरीत साहेबरावांच्या शेजारच्या टेबलाला बसायचा, मूळचा देगलूरकडचा. त्यानं हुकूम वाचला आणि नको ते बोट नको त्या ओळीवर ठेवलं. पंचशीलाचा जातीचा दाखला जुन्या जिल्ह्याचा होता. जन्मली तेव्हा शिरूर अनंतपाळजवळचं त्यांचं गाव जुन्या जिल्ह्यात होतं, आता ते लातुरात आलं होतं. गाव जागचं हललं नव्हतं, पोरगी हलली नव्हती, पण दाखल्यावरचा जिल्हा आणि हुकुमावरच्या पत्त्यातला जिल्हा यांचं पटत नव्हतं.

"साहेब, ही पोरगी तीच हाय, असा एक कागद लागंल," व्यंकट म्हणाला.

साहेबराव जुन्या जिल्ह्याच्या गावी गेले. तिथल्या कारकुनानं दाखला उलटसुलट केला आणि म्हणाला, तुमचं गाव आता आमच्याकडे नाही. ते परत लातूरला आले. इथला कारकून, जो रोज त्यांच्याबरोबर डबा खायचा, तो म्हणाला, पोरगी जन्मली तेव्हा आम्ही नव्हतो. अशा चार खेपा झाल्या. चौथ्या खेपेला साहेबरावांनी डब्यातली भाजी त्याला देणं बंद केलं, तेव्हा कुठं कागद हलला. त्यावर लिहिलं होतं, की सदर गाव पूर्वी जिथे होते तिथेच आहे. सही, शिक्का.

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी चन्नबसप्पांनी त्यांना दुकानाच्या फळीवर बसवलं आणि गिऱ्हाईक नाही असं बघून आवाज खाली आणला.

"एक सांगू का? तिकडं गेल्यावर निस्तं पंचशीला साहेबराव म्हणा. आडनाव कशापायी मधी आणता? मी तुमच्या भल्यासाठी सांगायलोय."

"तुम्ही आम्हाला खोली दिली तेव्हा पहिल्यांदा आडनावच विचारलं होतं."

"विचारलं. पण दिली का न्हाई?"

दिली होती. ज्याच्यावर धड रागावताही येत नाही असा माणूस घरमालक म्हणून मिळावा, हा एक वेगळाच त्रास असतो. ते घरी आले आणि त्यांनी मनाशी ठरवलं, की तिथं पाय ठेवल्याबरोबर, कुणी विचारायच्या आधी, आपण पूर्ण नाव सांगायचं. आणि कुणी तोंड वाकडं केलं तर असं काही सुनवायचं, की त्या गावाच्या दोन पिढ्यांनी लक्षात ठेवावं.

सामानाचं म्हणाल तर सुरुवात एका वळकटीनं आणि एका पिशवीनं झाली होती. मग सरजाबाई म्हणाल्या, "पोरगी तिकडं पाणी कशात साठवंल?" झालं. घरातलं दुसरं पिंप काढलं. खारी हवा लोखंड खाते म्हणून चन्नबसप्पांनी दिलेला तांबडा रंग त्याला आदल्या दिवशी फासला. रिकामं पिंप न्यायचं तर जागा वाया जाते म्हणून त्यात ज्वारीचं पीठ भरलं, करडीचं तेल ठेवलं, चटणी ठेवली, पुस्तकं ठेवली आणि कडीला कुलूप घातलं; घरच्या पिंपाची किल्ली तेवढ्यापुरती सरजाबाईंकडे दिली. शिवाय दहा लिटरचा पाण्याचा कॅन. दुष्काळी गावातून कोकणात पाणी घेऊन जाणारा इसम या राज्यात त्या वर्षी बहुधा हा एकच असावा.

एस.टी.च्या टपावर पिंप चढवताना रंग अजून ओला असल्याचं कळलं, म्हणजे साहेबरावांच्या पांढऱ्या सदऱ्याला कळलं. कंडक्टर म्हणाला, "काका, हा बायलर खाली घ्या, इंजनाला लागंल." गाडीत कॅनकडे सगळे अशा नजरेनं बघायला लागले, की साहेबरावांनी तो मांडीवर घेतला. मग एका म्हातारीनं घोटभर मागितलं. तिला दिल्यावर तिच्या नातवाला नाही कसं म्हणायचं, आणि नातवाला दिल्यावर ड्रायव्हरला. सोलापूर यायच्या आत कॅन रिकामा झाला. तो फेकवेना, म्हणून पुढचे दोन दिवस रिकामाच मांडीवर होता.

सोलापूरच्या पुढं एका तपासणी नाक्यावर शिपायाला पिंपात रॉकेल असल्याचा संशय आला. उघडा म्हणाला. किल्ली करदोड्याला, करदोडा सदऱ्याच्या, बनियनच्या आणि पँटच्या आत. चाळीस प्रवाशांसमोर एक वरिष्ठ लिपिक किल्ली काढू शकत नाही. साहेबराव गाडीच्या मागे गेले तेव्हा शिपाई, हा पळून जातोय असं समजून, मागोमाग आला. नको तेवढं बघितल्यावर त्याची खात्री पटली. घाईत झाकण उघडताना पिठाचा भपकारा साहेबरावांच्या अंगावर आला. खाली तांबडा रंग, वर पांढरं पीठ, अशा अवस्थेत ते पुन्हा आपल्या जागेवर येऊन बसले आणि खिडकीबाहेर बघू लागले. पंचशीला आधी हसली, मग तिनं पदरानं त्यांची कॉलर झटकली. "बाबा, तुम्ही माझ्यासाठी एवढं करू नका," ती म्हणाली. त्यांनी रिकामा कॅन एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतला.

कोल्हापूर ते घाट हा सगळा रस्ता त्यांनी मनातल्या मनात भाषण तयार करण्यात घालवला. भाषण चांगलं झालं होतं. त्यात छप्पन साल होतं, राज्यघटना होती, आणि शेवटी "खोली तुमची तुम्हाला लखलाभ" असं एक वाक्य होतं, जे म्हणताना खांद्यावरचा टॉवेल झटकायचा होता.

तीस तारखेला ते तालुक्याच्या गावी पोहोचले. तिथल्या कारकुनानं छापील यादी काढली, बोट फिरवलं आणि म्हणाला, "लातूर असा जिल्हाच नाही."

"चार वर्षं झाली," साहेबराव म्हणाले. "तुमचाही जिल्हा नवाच आहे."

"म्हणूनच आमच्याकडे नवी यादी नाही."

साहेबरावांनी याच जातीच्या उत्तरांवर आपला संसार चालवला होता. त्यांनी शांतपणे खिशातलं पेन काढलं, यादीच्या तळाला आपल्या सुवाच्य अक्षरात 'लातूर' लिहिलं आणि बाजूला एक लफ्फेदार इनिशियल मारला. कारकुनानं अक्षर बघितलं, इनिशियल बघितला, आणि निमूटपणे पंचशीलाचा कागद पुढं सरकवला. सगळ्या प्रवासात साहेबरावांना छाती काढावीशी वाटली ती एवढी एकदाच.

आंबेखोलला संध्याकाळी चार वाजता गाडी थांबली. समुद्र कुठं दिसला नाही. ओहोटी होती, त्यामुळे खाडीच्या जागी काळा चिखल होता आणि त्यात एक होडी कलंडून पडलेली होती. गावाला झाडी होती, सावली होती, पण पाणंदीतून बायका कंबरेवर हंडे घेऊन वर चढत होत्या आणि त्यांच्या चालीवरून साहेबरावांच्या टंचाई शाखेनं ओळखलं, की विहीर लांब आहे आणि पाणी तळाला गेलेलं आहे. इतका पाऊस पडणाऱ्या मुलखातही मे महिना मे महिनाच असतो, हे गल्लीतल्या एकाही तज्ज्ञानं सांगितलेलं नव्हतं.

हेडमास्तर भला माणूस होता. त्यानं त्यांना घरं दाखवली. पहिल्या घरी मुंबईहून पाहुणे येणार होते. दुसऱ्या घरी छप्पर गळत होतं, मे महिन्यात. हेडमास्तर घाम पुसत म्हणाला, "आता एकच घर राहिलं." ते भामाकाकींचं. साठीची विधवा बाई, मुलगे मुंबईला, घरामागे एक पडवी आणि एक खोली रिकामी. साहेबरावांनी पिंप खाली ठेवलं, टॉवेल खांद्यावर नीट घेतला आणि नमस्कारही न करता म्हणाले, "मी साहेबराव सोनकांबळे. ही माझी मुलगी पंचशीला. आम्ही बौद्ध आहोत."

काकींनी त्यांच्या सदऱ्यावरचा तांबडा रंग आणि त्यावरचं पीठ बघितलं. "ता माका हेडमास्तरान सांगल्यान," त्या म्हणाल्या. "खोली घेवा." मग पंचशीलाकडे वळून, अगदी मऊ आवाजात, "बाये, इहिरीर मात्र तू येव नुको. पाणी मी भरून देतलंय."

तेच भाषण करायची ही वेळ होती. छप्पन साल जिभेवर होतं. साहेबरावांनी आजूबाजूला बघितलं. हेडमास्तर आपल्या चपलेकडे बघत होता. दिवस मावळायला आला होता, उद्या एकतीस तारीख होती, आणि चौथं घर नव्हतं.

"बरं," साहेबराव म्हणाले.

पंचशीलानं त्यांच्याकडे एकदा बघितलं. रागानं बघितलं असतं तर चाललं असतं. तिनं नुसतं बघितलं आणि वळकटी सोडायला घेतली. पीठ डब्यात काढून पिंप पडवीत उभं केलं. काकी विहिरीवरून हंडा आणायच्या, कंबरेइतक्या उंचीवरून पिंपात धार सोडायच्या आणि हंडा पिंपाला लागू नये याची काळजी घ्यायच्या. पाणी गोड होतं. सगळ्या प्रवासात साहेबरावांना गिळता न आलेली वस्तू ती एकच.

तिसऱ्या दिवशी पहाटेची पहिली गाडी पकडून ते निघाले. पंचशीलाच्या डोक्यावर हात ठेवला, खोली एकदा पाहिली, पिंपाचं झाकण लावलं, कडी घातली आणि सवयीनं कुलूप लावून किल्ली करदोड्याला अडकवली. सवयीनंच, असं ते पुढं सगळ्यांना सांगत. दोन वर्षं रोज पहाटे जे केलं ते हातानं आपोआप केलं. पण दोन दिवस घशात अडकलेल्या त्या "बरं"चाही त्यात काही हात नव्हता, असं शपथेवर सांगायला त्यांना जड गेलं असतं.

लातूरला आल्यावर किल्लीचा पत्ता लगेच लागायला हवा होता. पण किल्ली करदोड्याला, आणि करदोडा दिसतो आंघोळीला, आणि साहेबरावांच्या घरी आंघोळीची पाळी चार दिवसांनी. आंबेखोल सोडल्यापासून चौथ्या दिवशी परातीत बसून तांब्याभर पाणी अंगावर घेताना त्यांना करदोड्याला किल्ली दिसली, आणि घरची किल्ली तर अजून सरजाबाईंकडेच होती. ते तसेच ओले उठले. सरजाबाईंना कळायला एक क्षण लागला. मग त्या म्हणाल्या, "म्हंजे पोरगी चार दिस तहानली हाय?"

साहेबराव तार ऑफिसात धावले. मजकूर लिहिला, 'कुलूप तोडा. साहेबराव.' खिडकीतल्या बाबूनं तो दोनदा वाचला.

"कुणाचं कुलूप?"

"आमचं. पिंपाचं."

"पिंपात काय हाय?"

"पाणी."

रांगेतली माणसं जरा पुढं सरकली. बाबूनं चष्मा काढला. "साहेब, तुम्ही टंचाईत असता ना? लातुरात लोक पाण्याला कुलूप घालायलेत, आणि तुम्ही तोडा म्हणता?" मग पिंप लातुरात नाही, कोकणात आहे, हे समजावण्यात पंधरा मिनिटं गेली. तरीही, तार गेल्यावर मागचा एकजण विचारत आला, की हे पिंप नक्की कोणत्या गल्लीत आहे.

पंचशीलाचं पत्र आठ दिवसांनी कचेरीच्या पत्त्यावर आलं. साहेबरावांनी ते टँकरच्या तक्त्यावर ठेवून वाचलं.

'ती. बाबांना आणि आईला सा. न. तुमची तार पोहोचली. इथं तार म्हणजे कुणीतरी गेलं असंच समजतात. पोस्टमन दारात आला तेव्हा काकींनी तो कागद उघडायच्या आधीच रडायला सुरुवात केली. वाडीतली माणसं जमली. मग त्यानं वाचलं, कुलूप तोडा. कुलूप मी त्याच्या दोन दिवस आधीच दगडानं तोडलं होतं. तुम्ही गेलात त्या सकाळी काकी हंडा घेऊन आल्या आणि कुलूप बघून उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, माझ्याच हातचं पाणी आणि माकाच कुलूप? मी काय सांगणार? तुम्ही मुद्दाम लावलं नाही हे मला माहीत आहे आणि तुम्ही मुद्दाम लावलं असतं तरी मला चाललं असतं. त्यांनी पाणी देणं बंद केलं. एक दिवस शाळेतल्या माठावर काढला. दुसऱ्या दिवशी कुलूप तोडलं, पिंपातलं पाणी पुरवून वापरलं. ते संपल्यावर काकींच्या खांबावरचा दोर घेतला आणि मी विहिरीवर गेले. चार बायका होत्या. मी पोहरा सोडला तेव्हा त्यांनी आपापले हंडे उचलले आणि बाजूला झाल्या. कुणी भांडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. मी पाणी काढलं आणि आले. दुसऱ्या दिवसापासून त्या विहिरीवर कुणी येत नाही. सगळ्या डोंगराखालच्या विहिरीवर जातात, ती पाऊण मैल लांब आहे. काकीसुद्धा तिकडेच जातात, या वयात. माझ्याशी बोलत नाहीत, खोली सोड असंही म्हणत नाहीत. दोर मात्र रोज सकाळी खांबाला असतो. विहीर आता माझ्या एकटीची आहे. पाणी भरपूर आहे. काळजी करू नये. मुलं चांगली आहेत. एक विनंती, आता गल्लीतल्या कुणाचेही सल्ले पाठवू नयेत.'

साहेबरावांनी पत्र खिशात घातलं आणि त्या दिवशी तक्त्यात एका गावाला तीनच्या जागी तेरा टँकर लिहिले. बावीस वर्षांतली ही त्यांची पहिली चूक. पोरीनं पाच दिवसांत जे केलं ते आपल्याला एका संध्याकाळी दोन शब्दांतही जमलं नाही, याची त्यांना लाज वाटली. आणि ती तिथं एकटी आहे, याची भीती लाजेहून मोठी होती.

संध्याकाळी गल्ली जमली. चन्नबसप्पा, गौरम्मा, गुरुलिंग मास्तर सगळे अंगणात येऊन बसले, कारण सल्ला देणाऱ्याला निकाल ऐकायचा हक्क असतो. साहेबरावांनी पत्र उघडलं आणि मोठ्यानं वाचलं. मुलं चांगली आहेत, हे वाचलं. पाणी भरपूर आहे, हे वाचलं. मधलं सगळं ओलांडून त्यांची नजर एका ओळीवर अडली आणि कसं कोण जाणे, तीही वाचली गेली: विहीर माझ्या एकटीची आहे.

अंगणातल्या सगळ्यांची नजर कोरड्या नळाकडे गेली. एकोणीस दिवसांचे आता पंचेचाळीस दिवस झाले होते.

"एकटीला अख्खी विहीर?" चन्नबसप्पा म्हणाले. "नशीब काढलं पोरीनं. मी म्हणलं नव्हतं, तिकडं पाण्याला तोटा न्हाई?"

गौरम्मांनी पदर डोळ्याला लावला. "गुणाचं हाय लेकरू," त्या म्हणाल्या. मास्तरांनी आपल्या नातीलाही डी.एड.ला घालावं का, असं विचारलं. साहेबराव म्हणाले, "हाव, घाला."

माणसं उठून गेली. सरजाबाई दाराच्या आत, पीठ मळता मळता, सगळं ऐकत होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण एकटीला अख्खी विहीर कशी मिळते हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी हात धुतले नाहीत, पिठाचे हात तसेच धरून त्या नवऱ्यासमोर येऊन बसल्या.

"आता समदं वाचा," त्या म्हणाल्या. "गाळू नका."

साहेबरावांनी सगळं वाचलं. दोर खांबाला असतो, हेही वाचलं आणि शेवटापर्यंत वाचलं. सरजाबाईंनी बोटांवरचं पीठ खरवडून काढलं.

"सल्ले नको म्हणती, तरी बी एक लिवा," त्या म्हणाल्या. "म्हणावं, दोर आपला इकत घे."